सोळावी मात्रा

रविवारी संध्याकाळी आमच्या वसाहतीच्या सभागृहात वीस-बावीस माणसं गाण्यासाठी जमतात. निवृत्त बँकवाले, दोन शिक्षिका, एक औषधांचे दुकानदार, चार-पाच शाळकरी मुलं. रीतसर गाणं कुणीच शिकलेलं नाही. पेटी मी धरतो, सांगतोही मीच. पहिल्या दिवशी काय घ्यावं असा प्रश्न होता. सगळ्यांना येतं म्हणून ‘रघुपति राघव’ ही रामधून घेतली. पहिली फेरी कशीबशी झाली. दुसऱ्या फेरीत सूर जवळ आले. चौथ्या-पाचव्या फेरीला तर बावीस गळ्यांचा एक गळा झाला, आणि मी पेटीवरचा हात काढला तरी तो हलला नाही. शाळेच्या मैदानावर, रेडिओवर, दोन ऑक्टोबरच्या कार्यक्रमांत मी ही धून आयुष्यभर ऐकत आलो होतो. तिच्यात काही पाहण्यासारखं आहे असं कधी मनात आलं नव्हतं. त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी ती प्रथमच एखाद्या बंदिशीसारखी मांडून पाहिली.

ही चाल पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांची म्हणून ओळखली जाते. त्यांचं नाव निघालं की आपल्याकडे लाहोरचं गांधर्व महाविद्यालय, ओंकारनाथांपासून नारायणराव व्यासांपर्यंतची शिष्यमंडळी आणि गवयाला मिळवून दिलेली प्रतिष्ठा, एवढं सांगितलं जातं. ते सारं खरंच आहे. पण गायक म्हणून त्यांनी काय रचलं, याची चर्चा फारशी होत नाही. चार भिंतींतल्या मैफलीतून उठून या गायकानं हजारोंना आपल्यामागे गायला लावलं. लोक याला समाजकार्य म्हणतात आणि संगीताच्या खात्यावर जमा करत नाहीत. मला ती त्यांची सर्वांत मोठी सांगीतिक कामगिरी वाटते, आणि ती अस्सल ख्यालगायकाच्या कसबानं केलेली आहे.

धुनीच्या पहिल्या ओळीच्या मात्रा मोजून पाहा. पहिल्या शब्दाच्या चार, दुसऱ्याच्या चार, शेवटच्या जोडनामाच्या सात. झाल्या पंधरा. केरव्याच्या आठ-आठ मात्रांची दोन आवर्तनं धरली तर सोळा होतात. म्हणजे एक मात्रा उरते, आणि ती श्वासाची. तयार गवई श्वास चोरून घेतो, ऐकणाऱ्याला कळतही नाही. न शिकलेल्या माणसाला मात्र श्वासासाठी जागा काढून द्यावी लागते. ती नसली की एक जण इथे तोडतो, दुसरा तिथे, आणि वीस जणांच्या गाण्याला वीस ठिकाणी भोकं पडतात. इथे सगळे एकाच क्षणी श्वास घेतात, म्हणून पुढची ओळ सगळ्यांच्या तोंडून एकाच क्षणी निघते. जमावाचं गाणं फिसकटतं ते बहुतेक वेळा उठावात. इथे तो उठाव बांधणीतच सांभाळला आहे.

शब्द पलुसकरांचे नव्हेत, मात्रांचा हिशेब शब्दांबरोबरच आलेला आहे, हे मान्य. पण ही उरलेली मात्रा भरून टाकणं ग्वाल्हेरच्या तालमीत वाढलेल्या गळ्याला किती सोपं होतं! शेवटच्या अक्षरावर एखादी मुरकी, एक लहानशी घसीट, पुढच्या समेकडे नेणारा दोन स्वरांचा तुकडा. गवयाचा गळा अशाच जागी शिवशिवतो. मैफलीत दादही अशाच जागांना मिळते. चाल बांधणाऱ्यानं ती जागा मोकळी ठेवली आहे. मला तिथे सर्वांत जास्त गायक दिसतो.

आता स्वरांकडे येऊ. ही धून मिश्र गाऱ्यातली मानतात. गारा हा खमाज थाटातला, दोन्ही गंधार आणि दोन्ही निषाद घेणारा, ठुमरी-दादऱ्यात रमणारा राग. त्याचा जीव मंद्र आणि मध्य सप्तकात असतो, तार सप्तकात जाऊन तळपणं हा त्याचा स्वभाव नाही. याचं मोल वृंद सांभाळणाऱ्यालाच कळतं. आमचे पुरुष काळी एकमध्ये निवांत असतात, बायकांना काळी चार किंवा पाच लागते. एखादं भावगीत एकत्र म्हणायचं झालं तर दर वेळी पंचाईत होते. पुरुषांच्या पट्टीत धरावं तर तार षड्जाला बायकांचे गळे ताणतात, बायकांच्या पट्टीत धरावं तर पुरुष वर ओरडतात नाहीतर खाली नुसतेच गुणगुणतात. रामधून काळी एकमध्ये धरली तर पुरुष खालच्या सप्तकात राहतात, बायका आणि मुलं वरच्या सप्तकात, आणि तार षड्जाशी कुणालाच झगडावं लागत नाही. एका सप्तकाचं अंतर कानाला भरीव लागतं, तंबोऱ्याच्या जोडावर खर्ज लागल्यासारखं. सूर एकच, पण त्याला खोली येते.

एक जण ओळ टाकतो, बाकीचे ती उचलतात, हीही या धुनीची रीत. ही रीत कुठून आली ते कुरुंदवाडला गेल्यावाचून कळणार नाही. १८ ऑगस्ट १८७२ रोजी विष्णु दिगंबरांचा जन्म तिथला. वडील दिगंबर गोपाळ पलुसकर कीर्तनकार होते. कीर्तनात बुवा ओळ म्हणतात, मागे उभे असलेले झिलकरी ती झेलतात, आणि गजराच्या वेळी समोर बसलेलं सारं गाव टाळ्यांवर येतं. गाणारा आणि ऐकणारा अशी विभागणी तिथे काही काळापुरती पुसली जाते. लहान वयात हे दररोज कानावर पडलेला मुलगा पुढे कितीही मोठा ख्यालिया झाला, तरी समोरची माणसं गप्प बसून ऐकताहेत याचं त्याला पुरेसं समाधान वाटणं कठीण होतं, असं मला त्यांच्या साऱ्या कारकिर्दीकडे पाहताना वाटतं.

नृसिंहवाडीच्या दत्तजयंतीत फटाका उडून त्यांचे डोळे भाजले. उपचारासाठी मिरजेला डॉक्टर भडभडे यांच्याकडे नेलं. दृष्टी अधू राहिली. शाळेचा अभ्यास होणार नाही, पण गळा चांगला आहे, याला गाणं शिकवा, असा सल्ला मिळाला. मिरजेचे संस्थानिक बाळासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयानं बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे तालीम सुरू झाली. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवणारे बुवा ते हेच. ही गायकी उघड्या आवाजाची, स्वच्छ आकाराची. आधी अस्थाई-अंतरा नीट भरून म्हणायचा, मग विस्तार. लय मध्य, मुखडा ठसठशीत, शब्द कळणारे. इतर काही घराण्यांच्या तुलनेत ग्वाल्हेरचं गाणं सोपं वाटतं असं म्हणणारे आजही भेटतात. त्या सरळपणात शिकवण्याजोगेपणा आहे. जे आधी पूर्ण आकारात मांडलं जातं, तेच दुसऱ्याला उचलता येतं. समूहाला गायला लावण्याचं बळ पलुसकरांना वडिलांच्या कीर्तनातून मिळालं तसं गुरूच्या ख्यालातूनही मिळालं.

१८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली. एका समारंभाला गावातल्या प्रतिष्ठितांना बोलावणं होतं, खुद्द त्यांच्या गुरूंना नव्हतं, ही गोष्ट त्यांच्या जिव्हारी लागली, असं सांगतात. मग बडोदा, सौराष्ट्र, ग्वाल्हेर, मथुरा, पंजाब अशी मोठी भ्रमंती झाली. राजकोटला त्यांनी तिकीट लावून जाहीर मैफल केली. ऐकणारा कुणीही असू शकतो, दाराशी पैसे दिले की तो दरबारातल्या सरदाराच्या बरोबरीनं बसतो, हा विचार तिथे दिसतो. ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय उघडलं, तेही लोकवर्गणीच्या बळावर. सुरुवातीला कुणी शिकायला फिरकेना, तेव्हा पंडितजी रिकाम्या खोलीत तंबोरा घेऊन रियाज करत बसत, अशी आठवण सांगितली जाते. तानसेन घडवता आले नाहीत तरी कानसेन नक्की घडवीन, हे त्यांचं म्हणणं तर आपल्याकडे म्हणीसारखं रूढ झालं आहे. मला त्यात एक दुरुस्ती सुचवावीशी वाटते. त्यांनी कानसेनांच्या तोंडून थोडंबहुत गाऊनही घेतलं.

त्यासाठी त्यांनी लिपी केली. भातखंड्यांची स्वरलिपी आज अधिक चालते, तिचं लेखन सुटसुटीत आहे, हे मान्य करूनही पलुसकरांची लिपी मला फार आवडते. तिच्यात कोमल स्वर दाखवायचा तर अक्षराचा पाय मोडायचा. मंद्राला डोक्यावर टिंब, तार स्वराला डोक्यावर उभी रेघ. स्वरांखाली मात्रांची चिन्हं: पूर्ण मात्रेला आडवी रेघ, अर्धीला शून्य, पाव मात्रेला चंद्रकोर. प्रत्येक स्वर किती वेळ थांबतो हे डोळ्यांना दिसतं. लहानपणी माझ्या शिक्षकांकडे ‘राग प्रवेश’चा एक जुना भाग होता, पानं पिवळी पडून कडा झडलेल्या. त्यातली पाय मोडलेली गंधार-निषादांची रांग पाहिली की काफी आलाच, हे मला राग ओळखता येण्याआधी कळत असे. डोळे अधू झालेल्या माणसानं संगीत डोळ्यांनी वाचता यावं म्हणून आयुष्याची वर्षं घालवावीत, छापखाना घालावा, ‘संगीत बालप्रकाश’सारखी मुलांची पुस्तकं काढावीत, हे आठवलं की मला भरून येतं.

१९०८ मध्ये मुंबईला शाखा निघाली. उपदेशक वर्गातल्या मुलांचं राहणं-जेवण विद्यालयाकडे, आणि मोबदल्यात त्यांनी नऊ वर्षं शिकण्या-शिकवण्याला बांधून घ्यायचं, असा करार असे. विनायकराव पटवर्धन, ओंकारनाथ ठाकूर, नारायणराव व्यास, बा. र. देवधर या घडणीतून गेले. पुढे इमारतीचं कर्ज डोईजड झालं आणि वास्तू लिलावात गेली. पंडितजी तोवर रामकथेकडे वळले होते, नाशिकला रामनाम आधाराश्रम काढून बसले होते. वास्तू गेली तरी शिष्य गावोगाव पांगलेले होते, आणि प्रत्येकाकडे तीच लिपी, तीच पुस्तकं, तीच शिस्त होती.

समूहापुढचं त्यांचं दुसरं मोठं गाणं ‘वंदे मातरम्’. काँग्रेसच्या अधिवेशनांत ते म्हणण्याचा मान वर्षानुवर्षं त्यांच्याकडे होता. त्यांची चाल काफीतली. इथे रामधुनीपेक्षा प्रश्न अगदी वेगळा होता. संस्कृत समास लांब, ओळी असमान, ओळ उचलून म्हणायला जमावाला जागा नाही. हे गाणं एकानं म्हणायचं आणि हजारोंनी उभं राहून ऐकायचं. अशा वेळी ख्यालगायकाला मालकंस खुणावतो, दरबारी खुणावतो. गंभीर प्रसंगाला गंभीर राग, हा संकेत आपल्या हाडीमाशी खिळलेला आहे. त्यांनी काफी घेतला. काफी होरीतला, भजनातला, नाट्यपदातला. ज्यानं आयुष्यात कधी मैफल ऐकली नाही त्याच्याही कानात काफीचे कोमल गंधार-निषाद कुठून तरी पडलेले असतात. नवे आणि अवघड शब्द ओळखीच्या सुरांवर ठेवले, म्हणून ते परके वाटले नाहीत. ध्वनिवर्धकाचा आधार जवळजवळ नसलेल्या त्या काळात शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवायचे तर मध्य सप्तकातला भरदार, उघडा आवाज हवा. तो ग्वाल्हेरनं दिलेला होताच.

१९२३ च्या काकिनाडा अधिवेशनातला प्रसंग बहुतेकांना माहीत असतो. अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनी गायनाला हरकत घेतली. पंडितजींनी, हे राष्ट्रीय सभेचं व्यासपीठ आहे, एका धर्माचं प्रार्थनास्थळ नाही, अशा आशयाचं उत्तर दिलं आणि गाणं पूर्ण केलं. हा प्रसंग पुढे राजकारणाच्या अंगानं खूप उगाळला गेला. मला त्यातली एक साधी गोष्ट महत्त्वाची वाटते. हजारो माणसांपुढे, अध्यक्षांनी अडवल्यानंतर, मनातला क्षोभ सुरात येऊ न देता शेवटच्या ओळीपर्यंत गाणं नेणं. ज्यानं कधी जाहीर कार्यक्रमात विस्कळीत झालेलं मन आवरून षड्ज लावला आहे, त्याला याची किंमत कळेल. त्यांचे शिष्य ओंकारनाथ ठाकूर यांनी १५ ऑगस्ट १९४७ च्या सकाळी आकाशवाणीवरून ‘वंदे मातरम्’ पूर्ण म्हटलं, तेही काफीच्या अंगानं.

मास्तर कृष्णरावांनी हेच गीत झिंझोटीत बांधलं. पाऊल टाकत, समूहानं, वाद्यमेळावर म्हणता यावं यासाठी त्यांनी आटापिटा केला. ती चाल वेगळ्या कसोटीला उतरणारी आहे, आणि दोघांत तुलना करून एकाला खाली बसवण्याची गरज नाही. पण एक गोष्ट स्पष्ट होते. कुठलं गाणं लोकांना ऐकवायचं आणि कुठलं लोकांकडून म्हणवून घ्यायचं, याचा विवेक पलुसकरांकडे पक्का होता. ‘वंदे मातरम्’ त्यांनी स्वतःच्या गळ्यावर ठेवलं आणि रामधून लोकांच्या हाती दिली.

ती हाती कशी पडली याची साखळी सुंदर आहे. गांधीजींना साबरमतीच्या आश्रमासाठी संगीत जाणणारा माणूस हवा होता. पंडितजींनी आपला शिष्य नारायण मोरेश्वर खरे दिला. खरे मूळचे तासगावचे. गवई म्हणून नाव काढण्याचं वय आणि तयारी असताना ते आश्रमात गेले, रोजची प्रार्थना सुरात आणली, ‘आश्रम भजनावली’ संपादित केली. १२ मार्च १९३० रोजी गांधीजी दांडीकडे निघाले तेव्हा बरोबरच्या पाऊणशेहून अधिक सत्याग्रहींत खरे होते. सुमारे ३८५ किलोमीटरची वाट, चोवीस दिवस, उन्हाळा सुरू झालेला. आता ती सोळा मात्रांची ओळ पुन्हा आठवा. दोन मात्रांना एक पाऊल धरलं तर ओळीत आठ पावलं बसतात आणि आठव्या पावलाच्या शेवटी श्वास येतो. चालणाऱ्या माणसाचा दम टिकावा अशी ती ओळ आपोआप मोजून मिळते. मी स्वतः टेकडी चढताना हे करून पाहिलं आहे. भावगीत तीन ओळींत सुटतं. रामधून वरपर्यंत येते.

गांधीजींच्या प्रार्थनासभांत तिच्यात ईश्वर आणि अल्ला यांना एकाच ओळीत आणणारे शब्द मिसळले. चाल तीच राहिली. नवे शब्द त्याच सोळा मात्रांत बसले, कुणाला वेगळं शिकवावं लागलं नाही. बांधणी पक्की असली की आत नवं माणूस राहायला येतं, घर मोडावं लागत नाही.

हे सगळं मानूनही एक खंत बोलून दाखवली पाहिजे. पंडितजींनी पुष्कळ जुन्या बंदिशींतले शृंगाराचे शब्द काढून भक्तीचे घातले. त्यामागचं कारण कळतं. घरच्या मुली-सुनांनी गाणं शिकावं, समाजानं नाक मुरडू नये, यासाठी ते त्यांना करावं लागलं. पण बंदिशीचे शब्द आणि तिच्या स्वरांची वळणं एकमेकांत वाढलेली असतात. रुसव्याच्या शब्दावर घातलेली मींड देवाच्या नावावर ठेवली की ती पोरकी वाटते. काही चिजांचा रस यात कायमचा उणावला, असं मला वाटतं. आणि दुसरं, मैफलीचा बादशहा होण्याची ताकद असलेला हा गळा वर्ग, परीक्षा, वर्गणी, छापखाना आणि प्रवचनं यांत खर्ची पडला. ती निवड त्यांची होती आणि तिचा मला आदर आहे. तरी ग्वाल्हेरचा एक भरघोस ख्याल त्यांच्याकडून आणखी ऐकायला मिळायला हवा होता, ही हुरहूर रसिकाच्या मनातून जात नाही.

ती थोडी शमते त्यांच्या मुलाच्या गाण्यात. दत्तात्रेय विष्णु पलुसकर १९२१ चे, वडील गेले तेव्हा दहा वर्षांचे. विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यासांकडे शिकले आणि १९५५ मध्ये, अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेले. त्यांचं ‘ठुमक चलत रामचंद्र’ ऐका. गळ्यात सारं काही असून शब्दावर कुठेही ओझं नाही. तान येते ती अक्षराला हात न लावता येते. ओळ संपली की ते थांबतात, पुरेसे थांबतात, आणि मग पुढे जातात. ऐकताना आपण नकळत त्यांच्याबरोबर म्हणायला लागतो. मोठ्या गवयाच्या रेकॉर्डबरोबर गुणगुणावंसं वाटणं ही फार दुर्मीळ गोष्ट. ती वडिलांकडून आलेली आहे.

विष्णु दिगंबर २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेत गेले. त्याच वर्षी अहमदाबादला शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापलं. त्याच्या प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या परीक्षांना आजही महाराष्ट्रातल्या गावोगावची मुलं बसतात. पण त्या मुलांना आपण एकेकट्यानं गायला शिकवतो. चार जणांत मिसळून, शेजारच्याचा सूर ऐकत, त्याच्यात आपला सूर विरघळवत गाणं हे आपल्या वर्गांत जवळजवळ शिकवलंच जात नाही.

म्हणून जे कुणी वसाहतीत, शाळेत, भजनी मंडळात लोकांना गायला बसवतात त्यांना माझी एक विनंती आहे. पुढच्या वेळी रामधून घ्याल तेव्हा पट्टी काळी एकच्या वर नेऊ नका. लय घाईनं वाढवू नका. पेटीवर ओळीच्या शेवटी तुकडे वाजवून जागा भरू नका. पंधरा मात्रा म्हणून झाल्या की सोळाव्या मात्रेला सगळ्यांना श्वास घेऊ द्या.